आधी भिंत ठरवा, मग आलमारी

तालुक्याच्या दुकानात डोळ्यांत भरलेली आलमारी गावातल्या खोलीत आली की तीन ठिकाणी अडते. आधी दारात, मग मयालीखाली (छताच्या आडव्या तुळईखाली) उभी करताना, आणि शेवटी पल्ला उघडताना पलंगाच्या कोपऱ्याला. चौथी अडचण लगेच दिसत नाही. ती पहिल्या झडीत कळते, जेव्हा मागचा पत्रा भिंतीकडून गंजतो किंवा प्लायवूडचा तळ फुगून पल्ला लागेनासा होतो. या चारही गोष्टी दुकानात जायच्या आधी घरीच ठरतात. त्यासाठी एक टेप, एक खडू आणि वहीचं एक पान लागतं.

आंदणात द्यायची आलमारी असेल तर हे दुप्पट खरं. लेकीच्या सासरची खोली कुणी मोजत नाही आणि साडेसहा फुटांची आलमारी लग्नाच्या गडबडीत ओसरीवर उभी राहते ती तिथंच राहते. एक फोन करून चार मापं मागवली तर कुणाचा मानपान जात नाही.

खोलीची मापं

सगळी मापं इंचात घ्या. फुटात घेतलं की माणूस दोन-तीन इंच गिळून टाकतो, आणि आलमारी अडते ती त्या दोन-तीन इंचांतच.

भिंतीची लांबी एकाच ठिकाणी मोजू नका. जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर अशी तीनदा मोजा. मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीला पोट आलेलं असतं, त्यामुळे खाली ४० इंच जागा मिळते तर वर ३८. तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरा. कवेलूच्या घरात उंची मयालीच्या खालच्या कडेपर्यंत मोजायची, आढ्यापर्यंत नाही. टिनाच्या घरात उताराची बाजू कोणती ते पाहा, कारण आलमारी बहुतेक वेळा बुटक्या बाजूलाच येते.

दार मोजताना चौकटीचं माप उपयोगाचं नाही. पल्ला पूर्ण उघडून मधे जी मोकळी जागा राहते ती मोजा. त्यात उंबरठ्याची उंचीही लिहा. बाहेरच्या दारापासून निजायच्या खोलीपर्यंत जितकी दारं आणि वळणं लागतात ती सगळी मोजायची.

यानंतर उभी करण्याचा हिशेब. आलमारी आडवी करून आत नेतात आणि मग उभी करतात. उभी होताना ती तिरकी असते, आणि तिरपं माप तिच्या उंचीपेक्षा जास्त भरतं. ७८ इंच उंच आणि १९ इंच खोल लोखंडी आलमारीचं तिरपं माप ८०.३ इंच होतं, म्हणजे वर ८१ इंच तरी मोकळं पाहिजे. ८४ इंच उंच आणि २४ इंच खोल लाकडी आलमारीला साडेसत्त्याऐंशी इंच लागतात. सात फुटांवर मयाल असेल तर लोखंडी उभी होईल, सात फुटांची लाकडी होणार नाही. अशा घरात लाकडी आलमारी निजायच्या खोलीतच जोडून घ्यावी, किंवा खालचा भाग आणि वरचा भाग असे दोन वेगळे डबे करून एकमेकांवर ठेवावेत.

आता खडू घ्या. आलमारी जिथे ठेवायची तिथे तिच्या तळाचा चौकोन जमिनीवर आखा. पल्ला जितका रुंद तितकी सुतळी कोपऱ्यावर धरून उघडण्याची कमान आखा. तीन फुटांच्या दोन पल्ल्यांच्या आलमारीचा एक पल्ला १८ इंचाचा असतो, चार फुटी आलमारीचा २४ इंचाचा. १० बाय १० च्या खोलीत ६० इंच रुंद पलंग एका भिंतीला लागून असेल आणि समोरच्या भिंतीला १९ इंच खोल आलमारी असेल, तर मधे ४१ इंच उरतात. तेवढ्यात पल्ला उघडतो, माणूस उभा राहतो आणि खालचा कप्पा काढायला वाकताही येतं. मधलं अंतर ३० इंचांखाली गेलं की खालच्या कप्प्यासाठी पलंगावर बसूनच हात घालावा लागतो. आखलेला चौकोन दोन दिवस तसाच ठेवा आणि त्यावर पाय न देता घरात वावरून बघा. रात्री उठून पाणी प्यायला जाणारा माणूस कुठे अडखळतो ते कागदावर कळत नाही.

कोणती भिंत

विदर्भात आलमारीचे तीन शत्रू आहेत: झड, कूलर आणि उधई (वाळवी). तिघांचाही भिंतीशी संबंध आहे.

आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. त्या बाजूची बाहेरची भिंत जुलै-ऑगस्टमध्ये आतूनही ओलसर होते, आणि उन्हाळ्यात तीच भिंत दुपारनंतर तापते. वास्तुशास्त्राप्रमाणे नेमकी हीच नैऋत्येची भिंत आलमारीसाठी सांगितली जाते. मानणाऱ्यांनी जरूर मानावं, पण भिंत आणि आलमारी यांच्यात चार इंचांची फट ठेवावी आणि बाहेरून त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा निदान टिनाचं छप्पर काढून घ्यावं. ज्यांना दिशेची अडचण नाही त्यांनी दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडावी. ती ना भिजते, ना तापते.

कूलरकडे कुणाचं लक्ष जात नाही. मार्च ते जून वाळ्याच्या किंवा लाकडी किसाच्या ताटीतून ओली हवा रात्रभर खोलीत येते. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कूलरशिवाय झोपच नाही, त्यामुळे तो बंद ठेवा असं म्हणण्यात अर्थ नाही. पण कूलरच्या सरळ झोतात आलमारी नको. झोतातली लोखंडी आलमारी कडांपासून गंजते, प्लायवूडच्या कडेची पट्टी सुटते आणि कपड्यांना कुबट वास येतो. कूलर एका खिडकीत असेल तर आलमारी त्याच भिंतीला, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवा. झोत तिच्या समोरून निघून जातो.

उधई जमिनीतून येते आणि भिंतीच्या मुळाशी मातीच्या बारीक नळ्या करत वर चढते. निवडलेल्या भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर बॅटरी मारून नळ्या शोधा. सापडल्या तर आधी औषध, मग आलमारी. इमारतीसाठी मिळणारं उधईचं औषध वेगळं असतं, लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात कालवून ते भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून सोडतात. शेतात फवारून उरलेलं औषध निजायच्या खोलीत मारू नका, आणि त्याच्या बाटल्या आलमारीच्या खाली किंवा वर तर मुळीच ठेवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी दगावले, आणि ते तर उघड्या शेतात होते.

आत काय जाणार

घरातले कपडे एकदा पलंगावर काढा आणि चार ढीग करा: टांगायचे, घडीचे, रोजचे, आणि वर्षातून चारदा निघणारे.

टांगायच्या कपड्यांना आलमारी खोल लागते. शर्टाचा हँगर १७-१८ इंच रुंद असतो. १९ इंच खोल लोखंडी आलमारीत तो जेमतेम मावतो आणि जाड कोट किंवा शेरवानी पल्ल्याला घासते. भरपूर टांगायचं असेल तर आतली खोली २२ इंच पाहिजे. शर्टांना दांड्याखाली ४० इंच उंची पुरते, कुर्ते आणि ड्रेससाठी ४८ इंच धरा. गावातल्या बहुतेक घरात टांगायचे कपडे कमी आणि घडीचे जास्त असतात, तरी दुकानातली आलमारी अर्धी टांगायची मिळते. कारण ती शहराच्या सवयीनं बनलेली असते. एका बाजूला टांगायची जागा आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच कप्पे, अशीच मागा.

लुगडी आणि साड्यांच्या घडीला कप्प्याची उंची १० ते १२ इंच बरोबर. त्याहून उंच कप्प्यात थप्पी उंच होते, आणि खालची साडी काढताना वरच्या दहा ढासळतात. जरीच्या साड्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायच्या, वर्षातून दोनदा घडी बदलायची आणि डांबराच्या गोळ्या त्यांना लागू द्यायच्या नाहीत, जर काळी पडते. रजया आणि गोधड्यांना १८ इंच उंचीचा कप्पा लागतो. त्यांच्यासाठी आलमारीची किमती जागा अडवण्यापेक्षा पेटीचा दिवाण बरा.

सातबारा, फेरफार, बँकेची पुस्तकं, शाळेचे दाखले यांना कसर लागते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा त्यांना कोणत्याही लॉकरपेक्षा जास्त उपयोगी. लोखंडी आलमारीच्या आतला लॉकर घरातल्या माणसांपासून आणि पाहुण्यांपासून सांभाळतो. सब्बल घेऊन आलेल्या माणसाला तो पाच मिनिटं अडवेल. कापूस विकल्यावरचे पैसे तिथे महिनाभर ठेवायची गरज नाही.

लोखंडी आलमारी: काटा खोटं बोलत नाही

गावासाठी पहिली पसंती अजूनही लोखंडीच, आणि त्यात चूक काही नाही. उधई खात नाही, उंदीर कुरतडत नाही, आणि पंचवीस वर्षांनी रंग काढून पुन्हा उभी राहते. फसवणूक होते ती पत्र्याच्या जाडीत.

पत्रा गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलीमीटर, २२ गेज म्हणजे ०.७ ते ०.८, आणि २४ गेज म्हणजे ०.५५ च्या आसपास. घरच्या आलमारीला २२ गेज पाहिजे, दाराला २० मिळाला तर उत्तम. पण रंगाखाली गेज दिसत नाही, आणि दुकानदार सांगेल तो गेज ऐकून घ्यावा लागतो.

इथे गावातला धान्याचा काटा कामी येतो. एक चौरस मीटर, एक मिलीमीटर जाड लोखंडी पत्र्याचं वजन ७.८५ किलो असतं, हे कधी बदलत नाही. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, १९ इंच खोल आणि आत चार कप्पे असलेल्या आलमारीला दुमडलेल्या कडा धरून नऊ-साडेनऊ चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे रिकामी आलमारी २२ गेजची असेल तर ५० ते ६० किलो भरेल आणि २४ ची असेल तर चाळीसच्या आसपास. २० गेजची पासष्टच्या आसपास जाते. लॉकर, मूठ आणि कुलपाचे चार-पाच किलो आणि आरशाचे तीन-चार किलो काट्यावर आलेल्या वजनातून आधी वजा करा. दुकानात काटा नसेल तर बिलावर वजन लिहून मागा आणि घरी उतरवताना मोजून घ्या. वजन लिहून द्यायला नकार आला, तर तेही एक उत्तरच आहे.

बाकीच्या तपासण्या हातानं होतात. मागच्या पत्र्याच्या मध्यभागी अंगठ्यानं दाबा. डबडब आवाज करत आत-बाहेर होत असेल तर पत्रा पातळ आहे किंवा आतून पट्टी नाही. कप्प्याची पुढची कड दोनदा दुमडलेली पाहिजे, एकदाच दुमडलेला कप्पा भरल्यावर मधे झोळतो. दोन्ही पल्ले दहा वेळा उघडून लावा. मूठ फिरवल्यावर वर आणि खाली जाणाऱ्या सळ्या आपोआप भोकात बसल्या पाहिजेत, पल्ला उचलून लावावा लागत असेल तर ती आलमारी सोडा. शेवटी मोबाईलची बॅटरी लावून आलमारीच्या तळाखाली बघा. तळ आणि पायांची आतली बाजू बहुतेक ठिकाणी रंगाविना सोडलेली असते, आणि पोछ्याचं पाणी सगळ्यात आधी तिथेच लागतं. तसं असेल तर घरी आणल्याबरोबर, ती आडवी असतानाच, तळाला रेड ऑक्साइडचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. एकदा भरली की वर्षानुवर्षं आडवी होणार नाही.

रंगात पावडर कोटिंग टिकाऊ, पण पत्रा नीट धुऊन वाळवलेला नसेल तर वेल्डिंगच्या सांध्यांपाशी त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून रंग सपाट जागेवर न पाहता कोपऱ्यात आणि सांध्यावर पाहा.

वेल्डिंगची की नटबोल्टची? दार अरुंद, बोळ वळणाचा किंवा बदलीची नोकरी असेल तर नटबोल्टची. बाकी सगळ्यांना वेल्डिंगची. नटबोल्टच्या आलमारीचे बोल्ट वर्षातून एकदा आवळावे लागतात आणि ते कुणी आवळत नाही.

सागवान, आणि सागवान म्हणून विकलं जाणारं

आलापल्ली-बल्लारशाहच्या सागवानाचा दबदबा खरा आहे. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान बल्लारपूरहूनच गेलं. पण नाव त्या जंगलाचं आणि लाकूड बांधावरच्या दहा-बारा वर्षांच्या झाडाचं, असा प्रकार फार. सागवानाची ताकद त्याच्या सोनेरी-तपकिरी गाभ्यात असते, उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचं पांढरट-पिवळं लाकूड तितकंच कच्चं असतं जितकं कोणतंही दुसरं. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. फळ्या पॉलिशआधी पाहा, कारण गडद पॉलिश लावल्यावर पांढरं आणि सोनेरी एकच दिसतं. पांढरी कड आलेली फळी मागे किंवा तळाला वापरून टाकायची वाढईची (सुताराची) सवय असते, आणि उधई मागून आणि तळातूनच येते.

लाकूड डेपोतून घ्या किंवा बिल देणाऱ्याकडून. घरच्या शेतातलं सागवान असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलेलं नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. कागद घरात जपून ठेवा.

दुसरी परीक्षा सुकण्याची. फूटभर तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजा, पंधरा दिवस सावलीत कोरड्या जागी ठेवा आणि पुन्हा मोजा. शंभर ग्रॅममागे पाच-सातपेक्षा जास्त घटला तर लाकूड ओलं आहे. ओल्या लाकडाची आलमारी मे महिन्यात फटी दाखवते. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कागदासारखी कोरडी आणि श्रावणात गच्च ओली, त्यामुळे लाकूड दरवर्षी आखडतं आणि फुगतं. हे थांबवता येत नाही, त्याला जागा द्यावी लागते. दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवून घ्या, सरस लावून जाम केली तर ती आखडताना मधोमध चिरते. दोन पल्ल्यांमध्ये ३ मिलीमीटर फट ठेवा. उन्हाळ्यात बनवलेली आलमारी फट न ठेवता घट्ट बसवली, तर आषाढात रंधा मारायला वाढईला परत बोलवावं लागतं, आणि दिवाळीनंतर तीच फट बोटभर होते.

जुन्या वाड्याच्या मयाली आणि दारांचं लाकूड मिळालं तर आधी तेच पाहावं. ते वर्षानुवर्षं सुकलेलं असतं. फक्त खिळे काढून घ्या आणि बारीक गोल भोकं व खाली पिठासारखा भुसा दिसतो का ते बघा. तो घुण आहे, तेवढा भाग कापून टाका. कडुनिंबाचं लाकूडही आतल्या कप्प्यांना चालतं. बाभूळ मात्र जड आणि तडकणारी, ती वखराला शोभते.

प्लायवूड आणि स्वस्त पार्टिकल बोर्ड

सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल आलमारीला १८ मिलीमीटरचं प्लायवूड किती लागेल, याचा हिशेब वाढई येण्याआधी करून ठेवा. दोन बाजू २८ चौरस फूट, मधली उभी फळी १४, वर आणि तळ १६, पाच कप्पे २०, दोन पल्ले २८. एकूण १०६. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ३२ चौरस फूट, म्हणजे कापणीतली नासाडी धरून चार शीट. मागच्या बाजूला ६ मिलीमीटरचं एक. सहा शीट सांगितले तर कुठे लागणार ते विचारा.

शीटवर शिक्का बघा. आय.एस. ३०३ या भारतीय मानकात दोन दर्जे येतात, एमआर (दमटपणा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं). कूलर चालणाऱ्या खोलीत बीडब्ल्यूआरच घ्या. तळाच्या फळीसाठी आय.एस. ७१० चं मरीन प्लाय मिळालं तर तेवढाच खर्च जास्त करा. पल्ल्याला बाहेरून सनमायका लावली तर आतूनही लावावीच लागते. एकाच बाजूला लावलेला पल्ला पावसाळ्यात धनुष्यासारखा वाकतो, कारण उघडी बाजू ओल पिऊन फुगते आणि झाकलेली फुगत नाही. फळीच्या चारही कडा, अगदी जमिनीकडची सुद्धा, पट्टीनं बंद पाहिजेत. सात फुटी पल्ल्याचं वजन वीस किलोच्या घरात जातं, त्याला चार बिजागऱ्या लागतात. तीनवर वर्षभरात पल्ला लटकतो.

पार्टिकल बोर्डची आलमारी दिसायला छान आणि किमतीला हलकी. पाणी लागलं की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. एकदा उघडून दुसऱ्या घरी नेली की स्क्रू धरत नाहीत. शेणानं सारवलेल्या किंवा ओल धरणाऱ्या जमिनीवर ती घेऊच नये.

सरकत्या दारांबद्दल थोडक्यात. पल्ल्याची जागा वाचते हे खरं, पण एका वेळी अर्धीच आलमारी उघडते आणि आलमारी दोन-चार इंच जास्त खोल लागते. शिवाय ज्या घरात दिवाळीनंतर दर वाढायची वाट पाहत कापूस भरलेला असतो, तिथे रुई खालच्या पट्टीत जाऊन बसते आणि चाकं जाम होतात. कापूस साठवलेल्या खोलीत कपडे ठेवणंच टाळा. त्यातल्या किडीनं अंगाला सुटणारी खाज कपड्यांतूनही येते.

भिंतीतली आलमारी

घर बांधायचं असेल तर हा सगळ्यांत शहाणा पर्याय, विशेषतः घरकुलात. प्रधानमंत्री आवास योजनेचं घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यात १९ इंच खोल आलमारी उभी केली की चालायची जागाच जाते. पण हे जोत्याच्या वेळी ठरलं पाहिजे. उभ्या भिंतीत मागून कोनाडा फोडू नका. ९ इंची भिंतीत साडेचार इंचांपेक्षा जास्त खोली मिळत नाही, आणि साडेचार इंची भिंत तर मुळीच फोडायची नसते.

बांधताना खोलीच्या एका कोपऱ्यात किंवा दोन खोल्यांच्या मधे १८ ते २० इंच खोल, चार फूट रुंद जागा सोडून घ्या. कप्प्यांना कडप्पा. २५ मिलीमीटर जाड लादी तीन फुटांपर्यंत आधाराशिवाय चालते, चार फुटांना मधे उभी लादी द्या. दोन्ही बाजूंना भिंतीत दोन इंच शिरली पाहिजे. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात थोडं हलतंच, म्हणून लादी सिमेंटमध्ये दोन्हीकडून जखडू नका. एका टोकाला बारीक फट सोडली तर भिंत हलल्यावर लादी तडकत नाही. चौकट लोखंडी अँगलची, पल्ले अ‍ॅल्युमिनियमचे किंवा पीव्हीसीचे. लाकडी चौकट भिंतीत गाडली की उधईला पायवाट मिळते. मागची भिंत बाहेरची असेल तर बाहेरून वॉटरप्रूफ गिलावा आधी, कप्पे नंतर.

दिसायला कशी

एक खिडकी असलेल्या खोलीत गडद तपकिरी सात फुटी आलमारी म्हणजे अंधाराची दुसरी भिंत. भिंती चुन्याच्या पांढऱ्या किंवा निळसर असतील तर आलमारी फिकट राखाडी किंवा मोतिया घ्या, खोली मोठी वाटते. गडद रंगच आवडत असेल तर दोन फूट रुंद आणि उंच घ्या, चार फूट रुंद नको. फुलांची छापील सनमायका आणि चकचकीत पट्ट्या पाच वर्षांत कंटाळा आणतात, आणि पट्ट्यांचा गोंद टिनाखालच्या उष्णतेत सुटतो. आरसा खिडकीच्या समोर आला तर खोलीत उजेड वाढतो. पण पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, दुपारी उन्हाची तिरीप सरळ पलंगावर येते.

घरी आणल्यावर

मालवाहू ऑटोतून उतरवण्याआधी पाय टेकतील तिथे जमीन तयार ठेवा. सारवलेल्या जमिनीवर भरलेल्या आलमारीचे पाय रुततात. प्रत्येक पायाखाली मुरूम धुमसून नऊ इंचाचा शहाबादी फरशीचा तुकडा बसवा. फरशीवर असली तरी तळ आणि जमीन यांच्यात चार इंच पाहिजेत, म्हणजे झाडू जातो आणि उधईची नळी वेळेवर दिसते. भिंतीपासून निदान दोन इंच सोडा, ओलीच्या भिंतीपासून चार.

सपाटी पाहायला मिस्त्रीची पाण्याची नळी मागून आणा. पाय खालीवर असले की चौकट तिरकी होते आणि पल्ले लागत नाहीत. लोक कुलूप बिघडलं समजतात. बंद पल्ल्यांच्या मधल्या रेघेकडे बघा: डावा पल्ला उजव्यापेक्षा खाली दिसत असेल तर डाव्या बाजूच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवा, उजवा खाली असेल तर उजव्या. कागदाच्या घड्या किंवा लाकडी चिपा घालू नका, एक ओल धरतो आणि दुसरी उधई बोलावते. ही सपाटी पहिल्या वर्षी दोनदा पाहावी लागते, ऑगस्टमध्ये माती फुगल्यावर आणि मे महिन्यात भेगा पडल्यावर.

लहान मुलं असतील तर आलमारी वरून भिंतीला बांधा. कप्प्यांची शिडी करून चढलेलं पोर आणि दोन्ही पल्ले उघडे, एवढ्यानं रिकामी आलमारी पुढे येते. विटांच्या भिंतीत गिट्टी ठोकून लोखंडी कोन स्क्रूनं आवळा. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, तिथे मयालीला जाड तार बांधून आलमारीच्या मागच्या वरच्या कडेला अडकवा. जड सामान खालच्या कप्प्यात ठेवा, वर फक्त हलकं.

नवी आलमारी आठ दिवस उघडी ठेवून मग भरा, रंगाचा आणि सरसाचा वास कपड्यांत मुरत नाही. पावसाळ्याआधी एकदा सगळं उन्हात काढा, कप्पे कोरड्या फडक्यानं पुसा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला कागदाच्या खाली पसरा. पाला पुरता वाळलेला पाहिजे. ओला ठेवला तर बुरशी तिथूनच सुरू होते.